दोन हजार वर्षांची बाजारपेठ : तेर

आपल्या जिल्ह्यात पाहुणे आले की त्यांना कुठे न्यायचे, हा प्रश्न बहुतेक घरांत एकाच पद्धतीने सुटतो. पावसाळा असेल तर नळदुर्ग. बोरी नदीला पाणी असले की नर-मादी धबधबे पाहायचे, पाणीमहालात उतरून धरणाच्या भिंतीच्या पोटात उभे राहायचे आणि इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ साली हे काम झाले, असे मुलांना सांगायचे. वेळ हाताशी असेल तर परंड्याचा किल्ला. तिथली मलिक-ए-मैदान तोफ पुढे विजापूरला गेली, हे सांगताना आवाज जरा हळहळतो. धाराशिव शहरात हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी (र.अ.) यांच्या दर्ग्यावर फातिहा पढली की फिरणे संपले.

तेरचे नाव या यादीत येत नाही. आले तरी ‘गोरोबाकाकांचे गाव’ एवढ्यावर बोलणे थांबते. आदिलशाही, निजामशाही ती आपली आणि त्याआधीचे जे काही ते दुसऱ्यांचे, अशी एक न बोललेली वाटणी आपल्या घरांत झालेली आहे. ही वाटणी आम्हाला पटत नाही. का पटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

धाराशिवपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर तेरणा नदीच्या काठी तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक ओळखले जाते. त्या माणसाचे नाव कुणालाच ठाऊक नाही, पण कुठल्या बंदरात काय विकते, काय घ्यावे, कुठे गाळ आहे, कुठला वारा कधी सुटतो, हे सगळे त्याने वहीखाते मांडावे तसे मांडले आहे. दख्खनमधल्या बाजारपेठांत दोन गावे सगळ्यांत महत्त्वाची, असे तो लिहितो. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, हे फार मोठे शहर. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, जिथे धड रस्ता नाही अशा लांबलचक मुलखातून भडोचला जातो. पैठणहून गोमेदासारखे दगड. तगरहून साधे जाडेभरडे कापड पुष्कळ, तलम मलमल तऱ्हेतऱ्हेची, शिवाय समुद्रकाठच्या भागातून तगरला आलेला इतर माल.

हे तगर म्हणजे कोणते गाव, यावर इंग्रजांच्या काळात अभ्यासकांनी बरेच तर्क लढवले. कुणी दौलताबाद म्हणाले, कुणी जुन्नर. शेवटी १९०१ साली फ्लीट या अभ्यासकाने तगर म्हणजे तेर असे मांडले. पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी इथल्या वास्तूंवर लिहिले, पुढे उत्खनने झाली आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूंनी फ्लीटच्या म्हणण्याला दुजोरा दिला. कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला तगरपूरचे अधिपती म्हणवून घेत. त्यांची सत्ता होती समुद्रकाठी, पण बिरुदात नाव मिरवायचे ते या तेरणाकाठच्या गावाचे.

आमचे घराणे मणियारांचे. अब्बांनी चाळीसएक वर्षे या भागातले आठवडी बाजार केले. ढोकी, तेर, येडशी, कसबे तडवळे, बेंबळी. आधी सायकलवर पेटी बांधून, मग एसटीच्या टपावर टाकून, आणि गेली बारा-तेरा वर्षे धाकट्या भावाच्या छोट्या टेम्पोतून. गेल्या वर्षभरापासून घरात एक विषय धुमसतो आहे. धाकट्याला बाजार सोडायचे आहेत. डिझेल परवडत नाही, पावसात माल भिजतो, मुली आता काचेच्या बांगड्या सणावारालाच घालतात, आणि ज्या घालतात त्यांना मोबाइलवर पाहून घरपोच माल मिळतो. शहरात एक गाळा भाड्याने घ्यावा आणि कॉस्मेटिक व इमिटेशनचे दुकान टाकावे, असे त्याचे म्हणणे. हिशेबाने पाहिले तर त्याचे काही चुकत नाही. अब्बा यावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. जेवताना विषय निघाला की ते पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे.

मधल्या काळात इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणाऱ्या आमच्या मामेभावाने फोटो पाठवले. तो बायका-मुलांना घेऊन मेल्टन मोब्रे नावाच्या जवळच्या गावी फिरायला गेला होता. दर मंगळवारी तिथे बाजार भरतो आणि त्या बाजाराची नोंद १०८६ सालच्या सरकारी मोजणी-दप्तरात आहे. गावाला त्याचा केवढा अभिमान! लांबून लोक तो बाजार पाहायला जातात, चौकात उभे राहून फोटो काढतात. मुलांनी फोटो पाहिले आणि थोरलीने विचारले, “अपने यहाँ का सबसे पुराना बाजार कौन सा?” अब्बा पटकन म्हणाले, “तेर. पर उधर कोई फोटो खींचने नहीं जाता.”

म्हणून आम्ही गेलो. अम्मी, अब्बा, धाकटा, आम्ही दोघे आणि तीन मुले. टेम्पोतली बांगड्यांची लाकडी पेटी बाजूला सरकवून सतरंजी अंथरली. अम्मीने भाकरी, सुकी चटणी आणि तळलेले बोंबील बांधून घेतले होते.

तेरला सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. त्याला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव दिले आहे आणि ते योग्यच आहे. गावाच्या टेकाडांतून, शेतांतून, पाऊस पडून गेल्यावर नदीकाठी ज्या वस्तू उघड्या पडत, त्या या गृहस्थांनी वर्षानुवर्षे जमवल्या. लोकांना ती फुटकी खापरे वाटत होती, त्यांना किंमत कळली. एका माणसाच्या छंदातून एवढा संग्रह उभा राहिला. भाजक्या मातीची खेळणी, पांढऱ्या चिकणमातीच्या बाहुल्या, सातवाहनांची नाणी, दिवे, मणी, हस्तिदंताचे काम. रोमन दारूच्या उंच निमुळत्या रांजणांचे तुकडेही तेरला सापडले आहेत. पेरिप्लसचा लेखक भडोचला उतरणाऱ्या मालात दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच असे एकेक सांगतो. त्यातली दारू इथपर्यंत आली हे त्या तुकड्यांवरून कळते. आपल्याला दारूशी कर्तव्य नाही, पण बैलगाडीत रांजण न फोडता ती महिनाभराची वाट करणाऱ्या गाडीवानाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती अभ्यासकांत फार प्रसिद्ध आहे. तिचे कारण इटलीत आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीने पोम्पेई शहर राखेखाली गाडले. त्या राखेतून १९३८ साली हिंदुस्थानी घडणीची एक हस्तिदंती मूर्ती निघाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरची मूर्ती त्याच तऱ्हेच्या कारागिरीची. म्हणजे ज्या काळी व्हेसुव्हिअस पेटला, त्या काळी दख्खनच्या कारागिराच्या हातची वस्तू रोमन घरात पोहोचत होती. आमच्या सातवीतल्या मुलाला ज्वालामुखी एवढाच शब्द आवडला आणि तो पुढे सगळा वेळ त्याबद्दलच विचारत राहिला.

अब्बा मात्र एकाच कपाटासमोर थांबले होते. आत शंखाच्या बांगड्या होत्या. काही पूर्ण, बऱ्याच अर्ध्या, काही नुसते तुकडे. शंख करवतीने आडवा कापायचा, मधला भाग काढून कडे मोकळे करायचे, मग घासून गुळगुळीत करायचे आणि वर नक्षी कोरायची, अशी ती कारागिरी. शंख तर समुद्राचा. तेरला समुद्र कुठे? पेरिप्लसमध्ये समुद्रकाठचा माल तगरला येतो असे जे लिहिले आहे, ते या कपाटात दिसत होते.

अब्बांनी चष्मा पुसला. काचेला हात न लावता बोट गोल फिरवले आणि धाकट्याला म्हणाले, “ये देख, दो-चार है. और वो बाजू की दो-छे. बच्ची की भी है एक, कोने में.”

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. बांगडीचे माप आतल्या व्यासावर असते, दोन इंच आणि वर इंचाचे किती सोळावे भाग. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. जुना मणियार हात पाहिल्याबरोबर माप सांगतो, टेप लावत नाही. हाताच्या हाडाची ठेवण, अंगठ्याचे मूळ किती मऊ आहे, यावरून त्याला कळते. काचेची बांगडी चढवताना हात दाबून, बोटे जुळवून, हळूहळू सरकवावी लागते. एकही फुटता कामा नये. आणि फुटलीच तर ‘फुटली’ म्हणायचे नाही, ‘वाढवली’ म्हणायचे, ही आमच्या धंद्यातली पहिली शिकवण. गिऱ्हाईक हिंदू असो की मुसलमान, तिच्या मनाला लागेल असा शब्द तोंडातून जाऊ द्यायचा नाही.

दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या बाजारात बसून कुणीतरी हेच करत होता. त्याची जात, धर्म, भाषा यांतले काही आपल्याला माहीत नाही. पण कोवळ्या मुलीच्या हातासाठी त्याने लहान माप ठेवले होते, एवढे कपाटात दिसत होते. अब्बा बराच वेळ तिथून हलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “अपनाच माल है ये.”

मुसलमान घरांत लहानपणापासून सूरह कुरैश पाठ असते. हिवाळ्यातला आणि उन्हाळ्यातला काफिला हा त्यातला विषय. आपले प्यारे नबी (स.) स्वतः हजरत खदिजा (र.) यांचा माल घेऊन शामला गेले होते. मापात मारणाऱ्यांसाठी कुरआनात स्वतंत्र सूरह आहे. व्यापार, काफिले, बाजार ही आपल्या दीनमध्ये कमीपणाची गोष्ट नाही. आणि पूर्वी होऊन गेलेल्या लोकांचे काय झाले ते जमिनीवर फिरून पाहा, असेही आपल्याला वारंवार सांगितलेले आहे. मग तेर पाहणे हे परक्याच्या घरात डोकावणे कसे ठरेल?

उलट तेरच्या बाजारातले आज बोलले जाणारे अर्धेअधिक शब्द आपल्या पूर्वजांनी इथे आणून ठेवले आहेत. दुकान अरबी. माल, वजन, नफा, हिशेब, दलाल, सगळे अरबी. बाजार आणि तराजू फारसी. सौदा ठरल्यावर आगाऊ रक्कम देतो तो बयाणा, तोही अरबीतून आलेला. कसबे तडवळे हे नाव घ्या. कसबा हा अरबी शब्द, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ झाला बाजार आणि सरकारी ठाणे असलेले मोठे गाव. नुसत्या शेतीच्या गावाला मौजे म्हणायचे, बाजार असलेल्याला कसबा. (याच तडवळ्यात १९४१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी परिषद घेतली होती. अब्बांच्या वडिलांनी ती गर्दी पाहिली होती.) ज्या वाऱ्यांवर अरब खलाशी जहाजे हाकत, त्यांच्या ऋतूला ते मौसिम म्हणत. इंग्रजी मान्सून त्यातूनच आला, आणि आपला मोसमही. आणि तगरहून जी तलम कापडे जात, त्यांना इंग्रजीत मस्लिन म्हणतात ते इराकच्या मोसुल शहरावरून. माल इथला, नाव तिथले. असा हा गुंता आहे. त्याची तुमचे-आमचे अशी वाटणी करायला बसले तर बाजारच उठेल.

संग्रहालयातून निघून आम्ही त्रिविक्रम मंदिराकडे गेलो. ही विटांची इमारत महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या इमारतींपैकी एक आहे. मागची बाजू गोल, छप्पर पालथ्या होडीसारखे, दर्शनी बाजूला घोड्याच्या नालासारखी कमान. अजिंठ्याच्या चैत्यगृहांत डोंगराच्या पोटात कोरलेली जी रचना असते, ती इथे विटांत बांधून उभी केली आहे. म्हणून मूळ इमारत बौद्धांची असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. पुढे आत त्रिविक्रमाची मूर्ती आली, समोर मंडप जोडला गेला. गावात उत्तरेश्वराचेही जुने विटांचे मंदिर आहे आणि त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा नावाजलेली आहे. उत्खननात विटांचा एक स्तूपही सापडला. त्याचा पाया गाडीच्या चाकासारखा, आऱ्या असलेला. जैनांच्या करकंडचरिउ ग्रंथात तेरापूर येते. एका गावात किती जणांचे काय काय!

तेरच्या जुन्या विटांबद्दल गावकरी हमखास सांगतात की त्या पाण्यावर तरंगतात. मुलांना हे खरे वाटेना. त्यामागे जादू नाही. मातीत भाताचे तूस मिसळून वीट थापली की भट्टीत तूस जळून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते. आज हलक्या विटांची जाहिरात करणारे हेच तत्त्व वापरतात.

मातीचाच विषय निघाला म्हणून गोरोबाकाका. संत गोरा कुंभार हे संत नामदेव आणि संत ज्ञानेश्वरांच्या काळातले, तेराव्या शतकातले. मडके कच्चे की पक्के हे थापटीने वाजवून पाहतात तसे त्यांनी संतांच्या मेळ्यात एकेकाचे डोके वाजवून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही गोष्ट मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अम्मी उर्दू शाळेत शिकलेली, तिला ती नवी होती. ती हसून म्हणाली, “हमारे घर में आते तो कितनों को कच्चा बोलते!” चैत्रात इथे मोठी यात्रा भरते. अब्बांच्या पेटीची वर्षातली सगळ्यांत चांगली विक्री त्या यात्रेतच व्हायची.

एक गोष्ट मात्र पाहून वाईट वाटले. तेरच्या आसपास जी टेकाडे आहेत, ती नैसर्गिक नाहीत. शतकानुशतके माणसे राहून, घरे पडून, पुन्हा बांधून, राख-शेण-खापरे साचून ती तयार झाली आहेत. गावठाणाच्या अशा जागेला मराठीत पांढरी म्हणतात आणि शेतीच्या जमिनीला काळी. पांढरीची माती पिकाला मानवते, म्हणून गावोगाव ती बैलगाडीने, पुढे ट्रॅक्टरने उचलून शेतात पसरली गेली. तेरमध्येही असेच झाले, असे मशिदीबाहेर भेटलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी सांगितले. घराच्या पायासाठी जुन्या विटा काढून नेणेही नवे नाही. कुणाला दोष द्यावा? ज्याच्या ज्वारीला खत हवे होते त्याला तगर माहीत नव्हते. पण आता माहीत झाले आहे. तुमच्या शेतात, विहिरीच्या खोदाईत असे काही निघाले तर ते घरी ठेवू नका, विकू तर मुळीच नका. संग्रहालयात नेऊन दाखवा. लामतुरेंनी एकट्याने जे केले, ते सगळ्या गावाने केले असते तर आज कपाटे कमी पडली असती.

एवढा मोठा बाजार उठला कसा? सातवाहनांचे राज्य तिसऱ्या शतकात संपले, रोमकडची मागणी आटली, वाटा बदलल्या. बाजाराला गावाचे प्रेम नसते, तो वाटेच्या मागे जातो. हे आपल्या आजोबांच्या काळातही घडले आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. आडत लातूर-बार्शीला गेली. तेर बाजूला राहिले.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडेसे. धाराशिवहून एसटी मिळते. संग्रहालयाच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. उन्हाळ्यात जाऊ नये. गावात मशीद आहे, आम्ही जुहर तिथेच पढलो. मुलांना कपाटांसमोरून पळवत नेऊ नका, प्रत्येकाला एकच वस्तू निवडायला सांगा. आमच्या थोरलीने भाजक्या मातीचा छोटा दिवा निवडला आणि वहीत त्याचे चित्र काढले.

नमाज झाल्यावर आम्ही बाजाराच्या बाजूने परत निघालो. बाजाराचा वार नव्हता, ओटे रिकामे होते. एका ओट्याकडे अब्बा बोट दाखवत होते, तोच एक म्हाताऱ्या बाई समोरून आल्या. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिले आणि म्हणाल्या, “मणेरमामा न्हवं का? लई दिसानं!” अब्बांना त्यांचे नाव आठवले नाही, पण त्यांच्या हाताकडे पाहून म्हणाले, “दोन-सहा. लग्नात दोन-चार होतं.” बाई तोंडाला पदर लावून हसल्या. नातीचे लग्न ठरले होते. हिरवा चुडा भरायला या म्हणाल्या, तालुक्याच्या दुकानातून आणलेला चुडा त्यांना नको होता, “मागल्या खेपेला सुनेचा हात सोलून काढला त्येनं.” धाकट्याने मोबाइल काढून तारीख लिहून घेतली. किती जणींना भरायचे, असे विचारले तर बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि चाळिशीच्या पुढे गेल्या.

परतताना टेम्पोत धाकटा म्हणाला, गाळा घेऊ, पण तेर आणि ढोकीचे बाजार ठेवू आणि लग्नाच्या चुड्यांचे काम धरू. अब्बा म्हणाले, “मेरे वास्ते मत कर. धंदा है, सवाब का काम नहीं. पैसा बैठता है क्या देख.” मग दोघे ढोकी येईपर्यंत डझनाचे भाव आणि डिझेल यांचा हिशेब करत बसले. दोन-चार की दोन-सहा जास्त न्यावीत, यावर त्यांचा वादही झाला.

गाळ्याच्या मालकाने ईदनंतरची मुदत दिली आहे. बयाणा अजून दिलेला नाही.